पहाटे तीनचा खंबाटकी आणि मेंदूतलं ॲडिनोसिन

सातारा जिल्ह्याच्या पानावर एक बातमी वर्षानुवर्षं तशीच छापून येते. गावाचं नाव बदलतं, गाडीचा नंबर बदलतो, मजकूर तोच: ‘पहाटे चालकाला डुलकी लागल्याने ट्रक दुभाजकावर आदळला.’ टपरीवर त्या बातमीवर पडणारा शेराही ठरलेला. ‘झोप येत होती तर दोन कप चहा मारायचा ना!’ या शेऱ्यात दोन समजुती दडल्यात. एक, झोप ही मनावर घेतलं तर रोखता येते. दुसरी, चहाने झोप जाते. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि त्या चुकीच्या का आहेत हे समजून घेताना मेंदूच्या एका विलक्षण यंत्रणेशी गाठ पडते.

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीचा दिवस धरू. ड्रायव्हर सकाळी सहाला उठलेला. नऊला गाडी यार्डात लागली. हमाल दुसऱ्या गाडीवर आहेत, वजनकाट्यावर रांग आहे. दुपारभर तो केबिनच्या सावलीला बसून. मध्येच ‘गाडी जरा मागं घ्या’ अशी हाळी येते, त्यामुळे पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. दिवेलागणीला पोती चढतात, ताडपत्री ओढून दोर आवळले जातात, बिल्टी हातात पडते. साडेदहाला गाडी सुटते. पेठ नाक्याला हायवेवर यायचं, कराडच्या पुढे ढाब्यावर जेवायचं, आणि तीनच्या सुमाराला खंबाटकी घाटातला बोगदा ओलांडून पलीकडच्या उतारावरच्या एस वळणाला लागायचं. त्या वळणाची कीर्ती जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. मालकाच्या हिशोबाने या माणसाने जेमतेम साडेतीन तास गाडी चालवली आहे. मेंदूच्या हिशोबाने तो एकवीस तास जागा आहे. हे दोन हिशोब जुळत नाहीत, आणि अपघात याच फटीत होतात.

मेंदू हा हिशोब ठेवतो कसा? शाळेत आपण एटीपी शिकलो: पेशीचं इंधन. आपला मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. एटीपी खर्च होतं तेव्हा त्याचे फॉस्फेटचे तुकडे एकेक करून सुटतात आणि शेवटी उरतं ॲडिनोसिन. जागेपणी ते मेंदूपेशींच्या बाहेरच्या द्रवात साचत जातं. मला हा रेणू फार आवडतो, कारण निसर्गाने इथे कमालीची काटकसर केली आहे. जागेपणी किती इंधन जळलं हे मोजायला वेगळा मीटर बसवलेला नाही. जळून उरलेला पदार्थ हाच मीटर.

हे ॲडिनोसिन पेशींच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींवर जाऊन बसतं. ग्राही म्हणजे ठरावीक रेणूलाच ओळखणारी प्रथिनं. झोपेच्या दृष्टीने त्यांतले दोन प्रकार महत्त्वाचे: ए-वन आणि ए-टू-ए. ए-वन ग्राहींमार्फत ॲडिनोसिन मेंदूच्या तळाशी असलेल्या, आपल्याला जागं ठेवणाऱ्या पेशींचा जोर कमी करतं. ए-टू-ए मार्फत ते हायपोथॅलॅमस या मेंदूच्या आतल्या छोट्या भागातल्या, झोप आणणाऱ्या पेशींना चालना देतं. या झोपेच्या पेशी ‘गाबा’ नावाचं रसायन सोडून जागेपणाच्या केंद्रांना गप्प करतात, आणि जागेपणाची केंद्रं जोरात असतील तर उलट ती झोपेच्या पेशींना गप्प करतात. दोघं एकमेकांना दाबत असल्यामुळे मधली अवस्था फार काळ टिकत नाही. पारडं एकदा कलंडलं की झटक्यात कलंडतं. डुलकी ‘येताना कळत नाही’ असं ड्रायव्हर सांगतात, ते अक्षरशः खरं आहे. संध्याकाळ मावळल्यासारखा जागेपणा हळूहळू मावळत नाही. या सेकंदाला तो असतो, पुढच्या सेकंदाला नसतो.

साचलेलं ॲडिनोसिन पुरेसं खाली आणायचा मार्ग एकच, झोप. बसून राहणं, गाणी ऐकणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं, यांपैकी कशानेही ते खाली येत नाही. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी १९९०च्या दशकात झोपाळलेल्या चालकांना सिम्युलेटरवर बसवून थंड हवा आणि रेडिओ यांचा उपयोग तपासला. परिणाम अगदीच किरकोळ आणि थोडाच वेळ टिकणारा निघाला.

मग चहा? चहातल्या कॅफीनच्या रेणूची ठेवण ॲडिनोसिनसारखी आहे. एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, तसं कॅफीन ग्राहींच्या जागा धरून बसतं. ॲडिनोसिनला बसायला जागा मिळत नाही, म्हणून झोपेचा निरोप पुढे जात नाही. पण ॲडिनोसिन गेलेलं नसतं. ते गर्दी करून उभंच असतं, आणि गाडी चालू आहे तोवर वाढतच असतं. कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. जागा जसजशा रिकाम्या होतील तसतशी ही गर्दी बसू लागते. त्यातही कटिंग चहात कॅफीन थोडं, आणि दिवसाला दहा-बारा कप रिचवणाऱ्याच्या मेंदूला त्याची सवय झालेली.

आता गोष्ट गुंतागुंतीची होते, पण डुलकी नेमकी पहाटे तीनलाच का लागते, हे कोडं इथेच सुटतं. एकट्या ॲडिनोसिनचा कारभार असता तर रात्री साडेदहाला गाडी सुटतानाच ड्रायव्हर पेंगला असता. तसं होत नाही. १९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने मांडलं की झोप दोन प्रक्रियांच्या मेळातून ठरते. एक हा ॲडिनोसिनबरोबर साचत जाणारा झोपेचा दाब. दुसरी, शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ. हे घड्याळ डोळ्यांमागे, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे वीस हजार पेशींच्या एका पुंजक्यात असतं, आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते रोज जुळवलं जातं. २०१७चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते या घड्याळाचं जनुकीय यंत्र उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना.

हे घड्याळ संध्याकाळी जागेपणाला सगळ्यात जास्त जोर लावतं. दाब चढलेला असतो, तरी तो झाकला जातो. म्हणून रात्री गाडी काढताना माणसाला मनापासून ताजं वाटतं, आणि ‘सकाळपर्यंत पुण्याच्या पुढे असतो’ असा शब्द तो देऊन बसतो. मध्यरात्रीनंतर घड्याळाचा जोर ओसरतो. तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान तळाला जातं. वर दाब, खाली आधार काढून घेतलेला. मग उजाडतं, घड्याळ पुन्हा वर चढतं, आणि रात्र जागून काढलेला ड्रायव्हर सांगतो, ‘आता झोप गेली बघा.’ झोप गेलेली नसते, ती पुन्हा झाकली गेलेली असते. दुपारी दोन ते चारला घड्याळात आणखी एक छोटा खळगा आहे. जेवणानंतरच्या झापडीचा सगळा दोष आपण भाकरीला देतो, तो तिचा एकटीचा नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे मेंदूचे तुकडे झोपणं. २०११ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात, जास्त वेळ जागे ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत काही पेशीगट क्षणभर बंद पडताना दिसले. उंदीर मात्र डोळे उघडे ठेवून हालचाल करत होते. माणसाची सूक्ष्म झोप त्याच घराण्यातली, काही सेकंदांची. ताशी साठ किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी सदुसष्ट मीटर जाते.

इथे एक बोलायलाच हवं. आपल्याकडे घाटाघाटात पहाटे आडव्या येणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या बाईची गोष्ट आहे. सांगणारे खोटं बोलत नाहीत. झोपेत शिरताना मेंदू स्वप्नाची चित्रं उघड्या डोळ्यांसमोर आणू शकतो, आणि ही चित्रं खरी वाटतात. पण बाई दिसली म्हणून पुढच्या खेपेला लिंबू-मिरची बदलणारा ड्रायव्हर, त्याला मिळालेला सगळ्यात मोठा धोक्याचा इशारा वाया घालवतो. रस्त्यावर नसलेलं काही दिसलं की तिथेच, सुरक्षित जागा बघून, गाडी बाजूला घ्यायची. कानाला लावायच्या आणि मान कलली की वाजणाऱ्या यंत्रांच्या जाहिरातींनाही भुलू नये. मान कलते तोवर झोप लागलेली असते.

किती जागल्यावर किती धोका? डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली मोजलं. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आपला हळदीचा ड्रायव्हर एकवीस तासांवर आहे, आणि त्याच्या तोंडासमोर धरलेलं यंत्र शून्य दाखवेल.

नियम नाहीत असं नव्हे. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच दिवसाला आठ तास, लांब पल्ल्यासाठी फार तर दहा, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास थांबा आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तास विश्रांती, हे ठरवून दिलं. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एक-दोन गाड्यांचे मालक त्याच्या बाहेर. शिवाय ठिकाणावर नुसतं थांबून राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांच्या आतला असेल तरच कामाच्या तासांत धरायचा, अशी त्याची व्याख्या. कामाचा एकूण पसारा बारा तासांत बसवायची अट होती, पण ती यार्डात तपासणार कोण? युरोपात साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावं लागतं आणि त्याची नोंद गाडीतलं यंत्र ठेवतं. आपल्या मालकांच्या मोबाइलवर गाडी कुठे आहे ते दिसतं. आतला माणूस कधीपासून जागा आहे ते दिसत नाही.

१ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, तेव्हा ‘ड्रायव्हरला एसी कशाला’ असं म्हणणारे भेटले. झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान उतरावं लागतं. मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याखाली, घड्याळ जागं राहा म्हणत असताना दिवसा झोपायचं तर गारवा ही गरज आहे.

उद्या करता येण्यासारखं काय? यार्डातल्या गाड्यांना नंबर आणि वेळ द्या, म्हणजे दुपारी ड्रायव्हरला दोन-तीन तास निवांत झोपता येईल. रस्त्यावर झापड आली तर चहा प्यायचाच, पण पिऊन लगेच गाडी लॉक करून वीस मिनिटं आडवं व्हायचं. कॅफीनला अंमल चढवायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तोवर झोपेने दाब थोडा उतरवलेला असतो, आणि मग कॅफीन कामाला लागतं. हॉर्न आणि रेनर यांच्या प्रयोगांत नुसत्या कॉफीपेक्षा ही जोडी सरस ठरली. तिने तास-दोन तास निभावतात, रात्र निभावत नाही. आणि उठल्या उठल्या स्टार्टर मारू नये. जागा झालेला मेंदू पहिली पंधरा-वीस मिनिटं अर्धवटच चालतो. तेवढ्यात उतरून टायर बघावेत, दोर तपासावेत. आनेवाडीच्या आसपास झोप काढली असेल तर ही मिनिटं खंबाटकीच्या अलीकडेच संपवावीत.