असर आणि परख: तिसरीचं वाचन २७ टक्के की ६४?

मुलांना वाचन-गणित किती येतं हे घरोघर पाहणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात तिसरीच्या वाचनाचा आकडा आहे सुमारे २७ टक्के. त्याच वर्षी शाळांमध्ये झालेल्या सरकारी ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षणा’त तिसरीच्या भाषेचा आकडा ६४. मग खोटं कोण बोलतंय, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत हमखास निघतो. खरं तर कोणीच नाही, कारण हे आकडे मोजतात वेगवेगळ्या गोष्टी.

असरचे २७ म्हणजे मुलांची संख्या: शंभरातली सत्तावीस मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. परखचे ६४ म्हणजे सरासरी: शंभर प्रश्नांमागे साधारण चौसष्ट उत्तरं बरोबर. ‘६४ टक्के मुलांना वाचता येतं’ असा या आकड्याचा अर्थ होत नाही. बातम्यांचे मथळे मात्र नेमकं तेच सांगतात.

असर ही ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेची कल्पना. प्रथम १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि असर २००५ पासून. पाहणी होते घरी. निवडलेल्या गावात वीस घरं घ्यायची आणि त्या घरांतल्या ५ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाला एकट्याला समोर बसवून वाचायला द्यायचं. मूल झेडपीच्या शाळेत जातं, खाजगी शाळेत जातं की शाळा सोडून बसलंय, याने फरक पडत नाही. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या छोट्या परिच्छेदाने. तो जमला तर गोष्ट, अडला तर शब्द, तेही नाही जमले तर अक्षरं. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. पेपर नाही, गुण नाहीत. मूल कोणत्या पायरीवर आहे तेवढं टिपायचं. मात्र असर प्रामुख्याने ग्रामीण भागातच होतो. पुण्या-मुंबईच्या मुलांबद्दल त्यातून निष्कर्ष काढायला जाऊ नये.

परख शाळेत होते. आधीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये झालं, त्याच परंपरेतली ही चाचणी ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीला दिली गेली. शहरी-ग्रामीण, सरकारी-खाजगी सगळ्या शाळा नमुन्यात होत्या. पण मोजलं जातं ते त्या दिवशी वर्गात हजर असलेल्या मुलाला. शिवाय पर्यायी उत्तरांच्या प्रश्नाला चार पर्याय असतील, तर काहीच न येणाऱ्यालाही चारातलं एक उत्तर नशिबाने मिळतं. (सर्वेक्षणाआधी सराव प्रश्नपत्रिका सोडवून घेणाऱ्या शाळाही आहेतच.)

म्हणून परख कमी दर्जाची ठरते असं नाही. असरचा कागद मुद्दाम सोपा ठेवलेला आहे. आठवीतल्या मुलीने दुसरीची गोष्ट घडाघडा वाचली म्हणून आठवीचं तिला किती येतं, हे त्यातून कळत नाही. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला जे यायला हवं ते, तपासायच्या असतील तर परखसारखी मोठी चाचणीच हवी. गणिताची परखमधली सरासरी तिसरीत ६०, सहावीत ४६, नववीत ३७ आहे. इथेही जपून: तिन्ही इयत्तांचे पेपर वेगळे, त्यामुळे ‘मुलं वर गेली की मागे पडतात’ हा निष्कर्ष या तीन आकड्यांवरून थेट निघत नाही. नववीचा पेपर अवघड असल्यामुळेही आकडा खाली येऊ शकतो.

वर्गशिक्षकाच्या हातात मात्र असरचं पारडं जड आहे, असं माझं मत. परखचा निकाल जिल्हा आणि राज्याच्या पातळीवर वाचायचा असतो; आपल्या वर्गातल्या कोणाला काय अडतंय हे त्यातून कळत नाही. असरची साधनं मराठीसह अनेक भारतीय भाषांत कोणालाही मोफत मिळतात, आणि एक पान छापून एका मुलाजवळ काही मिनिटं बसलं की काम होतं. या मोकळेपणामुळेच पाकिस्तान, केनिया, टांझानिया, युगांडा अशा देशांत त्याच धर्तीच्या पाहण्या उभ्या राहिल्या. फक्त दर महिन्याला तोच नमुना वापरू नका. तिसऱ्या वेळी मुलं गोष्ट वाचत नाहीत, पाठ म्हणतात.