मुंबईतील हिवताप नियंत्रण

मुंबईतील हिवताप नियंत्रण : हिवताप ऊर्फ मलेरियाला आळा घालण्यासाठी मुंबईत शंभराहून अधिक वर्षे विकसित होत आलेली कार्यपद्धती. डासांच्या अळ्या वाढूच द्यायच्या नाहीत हे तिचे मुख्य सूत्र असून आज ती प्रामुख्याने बृहन्मुंबई महानगरपालिकेचा कीटकनाशक विभाग राबवतो. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात घराच्या भिंतींवर फवारणी करणे व मच्छरदाण्या वाटणे यांवर भर असतो. मुंबईत तो गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर असतो.

हा फरक पडतो तो इथल्या डासामुळे. शहरी हिवतापाचा प्रमुख वाहक ॲनॉफिलीस स्टीफेन्सी हा आहे. गटारे आणि नाले यांत पैदास होते ती क्युलेक्स या दुसऱ्या जातीच्या डासाची. तो रात्री झोप मोडतो, पण हिवताप पसरवत नाही. स्टीफेन्सीची मादी अंडी घालते ती बहुधा स्वच्छ, साठलेल्या पाण्यात : उघडी टाकी, विहीर, कारंजे, पिंप, इमारतीच्या तळघरात जमलेले पाणी. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी करावीत, ही सूचना या हिशेबातून आली आहे. मलेरिया म्हणजे नाल्याकाठच्यांचा आजार, हा समज मुंबईत फार जुना आणि तितकाच चुकीचा आहे.

या डासाकडे बोट दाखवले गेले ते १९०८ मध्ये. त्या सुमारास बंदर भागात हिवतापाची साथ उसळली होती आणि अलेक्झांड्रा गोदीचे, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीचे, बांधकाम चालू होते. परळला प्लेगवर संशोधन करणारे ग्लेन लिस्टन यांनी या साथीचा अभ्यास केला. पुढे हिवतापतज्ज्ञ चार्ल्स बेंटली यांनी शहराची सविस्तर पाहणी करून १९११ मध्ये अहवाल दिला. त्यांचा मुख्य रोख विहिरींवर होता. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये शहरात आले होते. तरी वाड्यांतल्या, मंदिरांतल्या आणि अग्यारींतल्या विहिरी तशाच वापरात होत्या. त्या बुजवा किंवा घट्ट झाका, असे बेंटली यांचे म्हणणे.

इथे प्रश्न केवळ आरोग्याचा राहिला नाही. पारशी धर्मविधींना विहिरीचे पाणी लागते आणि त्यावर सूर्यप्रकाश पडणे आवश्यक मानले जाते. हिंदू कुटुंबांनाही पूजेला विहिरीचेच पाणी हवे असे. विरोध झाला, अर्जविनंत्या झाल्या. अखेर बऱ्याच ठिकाणी तोड निघाली ती बारीक तारेच्या जाळीची आणि पोहरा सोडण्यापुरत्या झडपेची : ऊन आत जाईल, डास जाणार नाही. मुंबईच्या आरोग्यप्रशासनातली ही एक शहाणी तडजोड म्हणायला हवी. क्रॉस मैदानाजवळची १७२५ मधील भिखा बेहराम विहीर आजही श्रद्धास्थान म्हणून टिकून आहे. पुढे १९२८ मध्ये हिवतापतज्ज्ञ गॉर्डन कोव्हेल यांनी पुन्हा पाहणी केली आणि विहिरींबरोबर टाक्या व हौद यांच्यावरही लक्ष वेधले.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्यात डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी मुख्यतः ग्रामीण भागासाठी होती. शहरांतले अळीनाशाचे काम स्थानिक संस्थांवर सोडले गेले. खेड्यांत ताप ओसरला आणि शहरांत तो टिकून राहिला, तेव्हा १९७१ मध्ये केंद्राने नागरी हिवताप योजना आणली. मुंबईला या कामाची सवय आधीपासूनच होती.

प्रत्यक्ष कामात कर्मचारी वॉर्डनिहाय फिरून टाक्या तपासतात, अळ्या आढळल्या तर अळीनाशक टाकतात, वापरात नसलेल्या विहिरींत व कारंज्यांत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. टाकीला घट्ट बसणारे झाकण आणि वर चढायला शिडी असणे बंधनकारक आहे. शिडीची अट किरकोळ वाटते, पण वर चढताच येत नसेल तर तपासणी कागदावरच होते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३८१ खाली मालकाला नोटीस देता येते आणि खटलाही भरता येतो. पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने चाळी आणि झोपडपट्ट्यांत पिंपे भरून ठेवण्याला पर्याय नसतो. तिथे नोटिशीपेक्षा पाणीपुरवठ्याची वेळ वाढवणे अधिक उपयोगी ठरेल, पण ते काम कीटकनाशक विभागाच्या हातातले नाही.

धूरफवारणी हा यातला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत तोकडा उपाय. धुराने उडते डास तेवढे मरतात. पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. तरीही सोसायटीची पहिली मागणी धुराचीच असते, कारण धूर डोळ्यांना दिसतो.

बांधकामे हा आजचा सर्वांत अवघड भाग आहे. स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट नीट घट्ट व्हावे म्हणून, साठवलेले पाणी, लिफ्टचे खड्डे आणि पाणी भरलेली तळघरे यांत स्टीफेन्सीला हवे ते सर्व मिळते. त्याच जागी परप्रांतांतून आलेले मजूर राहत असतात. त्यांच्यापैकी कोणाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी असला, तर संसर्गाची साखळी जागच्या जागी पूर्ण होते. म्हणून मजुरांची रक्ततपासणी हा नियंत्रणाचाच भाग मानला जातो.

मुंबईत प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्सचे रुग्ण जास्त असतात. हा परजीवी यकृतात सुप्त राहून महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्यासाठी क्लोरोक्वीन तीन दिवस आणि प्रायमाक्वीन चौदा दिवस द्यावे लागते. ताप उतरला की गोळ्या थांबवणारे आणि काम संपताच दुसऱ्या साइटवर जाणारे रुग्ण हा उपचार अर्धा सोडतात. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांमध्ये प्रायमाक्वीनमुळे तांबड्या पेशी फुटू शकतात. ही कमतरता पारशी समाजात तुलनेने अधिक आढळते, त्यामुळे मुंबईत या तपासणीला विशेष महत्त्व आहे. फाल्सिपेरम या दुसऱ्या परजीवीचा हिवताप अधिक घातक असून त्यावर आर्टेसुनेटयुक्त संयुक्त उपचार दिला जातो.

अलीकडचे सर्वांत वाईट वर्ष २०१० : सुमारे ७६ हजार रुग्ण आणि १४५ मृत्यू. त्यानंतर तपासणी व कारवाई वाढली, आणि २०१९ मध्ये रुग्णसंख्या पाच हजारांच्या खाली आली. २०२३ मध्ये ती पुन्हा सात हजारांपुढे गेली. हे नोंदलेले आकडे आहेत. मुंबईकर तापाला आधी खाजगी डॉक्टरकडे जातो, त्यामुळे नोंद किती होते यावरही आकडा हलतो.

स्टीफेन्सी आता केवळ आशियाचा राहिलेला नाही. आफ्रिकेच्या पूर्व टोकावरील जिबूतीत तो २०१२ मध्ये सापडला, पुढे इथिओपियात पोहोचला, आणि २०२२ मध्ये तिथल्या डिरे दावा शहरातील साथीशी त्याचा संबंध जोडला गेला. आफ्रिकेतील हिवताप नियंत्रण मुख्यतः मच्छरदाण्या आणि घरातील फवारणी यांवर उभे आहे. साठवलेल्या पाण्यात वाढणाऱ्या या डासासाठी तिथल्या शहरांनाही आता टाक्या आणि पिंपे तपासावी लागत आहेत.