जुन्या गाडीचा फ्लोअर बदलणे

जुनी गाडी रिस्टोअर करताना तळाचा सडलेला पत्रा कापून काढायचा आणि तिथे नवीन पत्रा वेल्ड करायचा, या कामाला गॅरेजमध्ये सरळ फ्लोअर बदलणं म्हणतात. पाय ठेवायच्या जागा, सीटखालचा भाग, मधला बोगदा (गिअरबॉक्स आणि शाफ्टवरचा उंचवटा), मागे डिकीचा तळ हे सगळं यात येतं. एका गाडीत सगळंच सडलेलं असतं असं नाही, पण पुढच्या दोन सीटच्या पायाखालचा पत्रा बहुतेक वेळा गेलेला असतोच. लोक रंगावर, क्रोमवर, सीट कव्हरवर हौसेने पैसे घालतात आणि फ्लोअरचं नाव काढलं की "मॅट टाकल्यावर दिसतंय कुणाला" म्हणतात, आणि मग दोन पावसाळ्यांत तोच रंग खालून फुगायला लागतो.

काम किती अवघड हे गाडी कशी बांधलीये त्यावर आहे. विलीज जीप किंवा स्टँडर्ड हेराल्डला खाली वेगळी चॅसिस असते, त्यामुळे फ्लोअर कापला तरी गाडी आपल्या पायावर उभी राहते. फियाट ११००, म्हणजे आपली डुक्कर फियाट, तिच्याच घराण्यातली १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अँबेसेडर या मात्र मोनोकॉक. त्यांना वेगळी चॅसिस नाहीच, फ्लोअर, दोन्ही बाजूचे सिल (दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्या), खांब आणि छत मिळूनच सांगाडा होतो. अशा गाडीचा फ्लोअर आधार न देता कापला तर बॉडी मधे बसते, आणि वाकलेल्या अवस्थेत नवीन पत्रा वेल्ड झाला की तो बाक कायमचा.

पत्रा सडतो तो बहुतेक वेळा आतून. पुढच्या काचेचं रबर कडक होतं, पाणी डॅशबोर्डमागून उतरून मॅटखालच्या नमद्यात, म्हणजे जाड फेल्टमध्ये, मुरतं आणि तिथे महिनोन् महिने ओल धरून राहतं. बडोद्यात यात विश्वामित्री नदीची भर पडते. ३१ जुलै २०१९ ला इथे एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस पडला, ऑगस्ट २०२४ मध्ये परत नदी घरात आली, आणि पुरात उभी राहिलेली गाडी वरून धुतली तरी सिलच्या आत आणि फ्लोअरच्या दुहेरी पत्र्यात गाळ बसलेला राहतो, तो दर पावसाळ्यात पुन्हा ओला होतो. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांत आजोबांची फियाट अजून झाकून ठेवलेली सापडते, तिची मॅट उचलून आधी हे बघावं. जाड स्क्रू ड्रायव्हरने टोचत जायचं, चांगला पत्रा टणक लागतो आणि खणकतो, गेलेला भुसभुशीत लागतो आणि पापुद्रे सुटतात. लोहचुंबक चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टी किंवा फायबर थापलंय. टोचून झालं की मिस्त्री वर न बघताच सांगतो, "पतरुं तो कापवुं ज पडशे, काका," म्हणजे पत्रा कापावाच लागेल.

कापायच्या आधीची तयारी हेच निम्मं काम. बॅटरी काढायची, सीट, नमदा, वायरिंग बाजूला करायचं, फ्लोअरखालून जाणारे ब्रेक पाइप आणि पेट्रोलची नळी सोडायची, टाकी उतरवायची, कारण वेल्डिंगची ठिणगी कुठे जाईल सांगता येत नाही. मग गाडी सपाट जागेवर, चारही बाजूंनी नीट आधार देऊन ठेवायची आणि दरवाज्याच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवे-तिरपे टाके मारून बसवायचे. दरवाज्यांच्या फटी आधी मोजून चौकटीवरच मार्करने लिहून ठेवायच्या, पुढे प्रत्येक टप्प्याला दरवाजा लावून त्या तपासायच्या. फट वर आणि खाली वेगवेगळी व्हायला लागली की हातातलं काम थांबवायचं. दोन्ही बाजू एकदम कधीच कापायच्या नाहीत, आणि सिलही गेला असेल तर आधी सिल, मग फ्लोअर.

परदेशात बीटल, एमजीबी, मस्टँग यांचे फ्लोअर पॅनल तयार मिळतात, आपल्याकडे बऱ्याचदा डेंटरलाच ते घडवावे लागतात. त्यासाठी सीआर शीट (थंड लाटलेला साधा पोलादी पत्रा), २० किंवा १८ गेज, म्हणजे साधारण ०.९ ते १.२ मिमी. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा गंजत नाही म्हणून काही जण तोच घ्या म्हणतात, पण वेल्ड करताना त्याच्या जस्ताचा धूर होतो, तो छातीत जाऊन ताप येतो आणि वेल्डही सच्छिद्र होतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, मग पत्रा. मकरपुरा जीआयडीसीत बेंडिंग मशीनवर सरळ घड्या पडतात, पण मूळ फ्लोअरवरच्या उठावाच्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यावर हातानेच ठोकाव्या लागतात, आणि त्या टाळून सपाट पत्रा लावला तर तो पाय पडला की डबडब वाजतो. त्या पट्ट्या शोभेच्या नाहीत, त्यांच्यामुळे पातळ पत्र्याला ताठरपणा येतो.

सडलेल्यावरच नवीन पत्रा ठोकणं हा सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जास्त चालणारा प्रकार. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं आणि आतली जुनी कीड नव्यालाही खाते. चांगला, चकचकीत लोखंडी पत्रा लागेपर्यंत मागे कापत जायचं, जुने स्पॉट वेल्ड (कंपनीने मारलेले ठिपक्यांचे जोड) ड्रिलने उकलायचे, पण खालचा मेंबर, म्हणजे फ्लोअरला आधार देणारी पट्टी, शाबूत ठेवायची. जोडाला अर्धा-पाऊण इंच कडा, मूळ स्पॉटच्या जागी नवीन पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं, तिथून सीओटू वेल्डिंगने (तार आणि कार्बन डायऑक्साइड वापरून) ती भोकं भरायची, आणि आत झाकल्या जाणाऱ्या पृष्ठभागावर आधीच जस्ताचा वेल्डिंगवाला प्रायमर. गॅस वेल्डिंगची उष्णता फार पसरते, पत्रा लाटांसारखा वर-खाली होतो. सीओटूनेसुद्धा सलग रेघ ओढायची नाही, इथे एक टाका, तिथे एक टाका, मधे गार होऊ द्यायचं, घाईचा मिस्त्री इथेच ओळखू येतो. शेजारी पाण्याची बादली आणि लक्ष ठेवायला एक माणूस हवाच, कारण नमद्याचा चुकून राहिलेला तुकडा बराच वेळ धुमसत राहतो.

वेल्ड घासून झाले की इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर वरून आणि खालूनही, मग खाली अंडरकोटिंग. सिलच्या पोकळीत मेण फवारतात, तिथे ब्रश पोचत नाही. मूळ फ्लोअरला पाणी निघायची भोकं आणि त्यावर रबरी बूच असतात, ती नवीन पत्र्यात पाडायची राहून जातात, मग पुढच्या पुरात पाणी आत येतं आणि बाहेर जायला वाटच नसते.

कागदपत्रांची बाजू वेगळी. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पण अट अशी की चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. जानेवारी २०२३ ला लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये २१ गन सॅल्यूट कॉन्कूर्स, म्हणजे जुन्या गाड्यांची स्पर्धा, झाल्यापासून हौस चढलेल्या मंडळींनी हे वाचून ठेवावं. मूळ आकाराचाच फ्लोअर मूळ जागी बसवायचा, चॅसिस नंबरची पट्टी आणि खोदलेला नंबर यांना ग्राइंडर लागू द्यायचा नाही, आणि कापायच्या आधीचे, कापल्यावरचे, वेल्ड झाल्यावरचे फोटो तारखेसकट फाइलला लावून ठेवायचे.