रक्तशर्करा चाचणी

रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण मोजण्याची तपासणी. बोलण्यात तिला नुसते ‘शुगर’ म्हणतात : उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, तीन महिन्यांची शुगर. मधुमेह नव्याने निघाला की हे तिन्ही आकडे एकाच कागदावर हाती येतात, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा पाहून माणूस धास्तावतो. खरे तर प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो. म्हणून आधी पाहायचे ते काय मोजले आणि केव्हा मोजले, हे.

भारतात हे प्रमाण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात ते मिलिमोल प्रति लिटरमध्ये असते आणि त्याला 18 ने गुणले की आपला आकडा मिळतो. लंडनहून भाऊ फोनवर ‘माझी उपाशीपोटी सात आली’ म्हणतो, तेव्हा ती 126 असते. तीन महिन्यांच्या चाचणीतल्या सात टक्क्यांशी त्या सातचा संबंध नाही.

उपाशीपोटीची तपासणी किमान 8 तास काही न खाता करतात. पाणी चालते, चहा चालत नाही. 100 पेक्षा कमी आकडा सामान्य, 100 ते 125 मधुमेहपूर्व अवस्था आणि 126 किंवा अधिक आकडा मधुमेहाचा, अशी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची विभागणी भारतातही सर्रास वापरतात. जागतिक आरोग्य संघटना मात्र मधली पायरी 110 पासून धरते, त्यामुळे 104 हा आकडा एका प्रयोगशाळेच्या कागदावर ठळक छापून येतो, दुसरीच्या नाही. 1997 पूर्वी मधुमेहाची रेषा 140 वर होती. ती खाली आणली, कारण डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा त्याआधीच दिसू लागते.

घेतलेले रक्त तसेच राहिले तर त्यातील पेशी ग्लुकोज वापरतच राहतात आणि आकडा तासाला सुमारे 5 ते 7 टक्के घसरतो. ही घसरण रोखायला सोडियम फ्लुओराइड असलेली, बहुधा राखाडी टोपणाची नळी वापरतात. घरी येऊन घेतलेले रक्त दुपारपर्यंत पिशवीत फिरले असेल, तर ‘शुगर छान आली’ या आनंदात तथ्य किती, हे विचारलेले बरे.

जेवणानंतरची तपासणी जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी करतात. आपल्याकडे ती फार रूढ आहे, पण निदानाचा प्रमाणित निकष ती नव्हे, कारण एकाचे जेवण म्हणजे दोन भाकऱ्या आणि दुसऱ्याचे भात-वरण. निदानासाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. तेव्हा 140 च्या आत सामान्य, 140 ते 199 मधली पायरी आणि 200 पासून पुढे मधुमेह. जेवणानंतरच्या तपासणीचे मोल वेगळे आहे : रोजच्या ताटाचे शरीर काय करते, ते ती दाखवते. त्या दिवशी मुद्दाम निम्मे जेवणारे पुष्कळ असतात. आकडा सुधारतो, पण ज्यासाठी तपासणी केली तेच कळत नाही.

‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजे एचबीए1सी. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटते आणि पेशी असेपर्यंत, म्हणजे सुमारे 120 दिवस, चिकटलेलेच राहते. किती हिमोग्लोबिनला ते चिकटले, याची टक्केवारी ही चाचणी देते : 5.7 च्या आत सामान्य, 6.5 पासून मधुमेह. निकालावर शेवटच्या महिन्याची छाप सर्वाधिक असते, तरी आधीच्या चार दिवसांच्या पथ्याने तो फारसा हलत नाही. 6 टक्के म्हणजे त्या काळातली, जेवणानंतरचीही धरून, सरासरी शुगर 126, 7 म्हणजे 154, 8 म्हणजे 183.

ही चाचणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर उभी आहे, हे तिचे मर्म आणि तीच तिची उणीव. लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झालेल्या बाईचा निकाल आहे त्यापेक्षा जास्त येऊ शकतो. सिकलसेल आजारात पेशी लवकर फुटतात, म्हणून तो फसवा कमी येतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो, तिथे केवळ या टक्केवारीवर भिस्त ठेवणे घातक आहे.

लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत. दुसरी तपासणी तेच सांगते का, ते पाहतात. तापात, मोठ्या आजारपणात किंवा स्टेरॉइड चालू असताना शुगर चढते. सारखी तहान, वारंवार लघवी, वजनात घट अशी लक्षणे असून कोणत्याही वेळी 200 किंवा अधिक आकडा आला, तर मात्र तो पुरेसा ठरतो. अंगाने बारीक माणसाला ‘तुम्हाला कशी असेल शुगर’ म्हणणे चूक आहे : बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असते, हे पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने पुढे आणले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, गोव्यात आढळले.

निदानाची रेषा आणि उपचाराचे लक्ष्य एक नसतात, ही गोष्ट नव्या रुग्णाला कोणीतरी सावकाश बसून सांगायला हवी. अनेक प्रौढांसाठी उपचारात उपाशीपोटी 80 ते 130, जेवणानंतर 180 च्या आत आणि एचबीए1सी 7 च्या आत एवढे लक्ष्य असते. वयोवृद्धांना ते सैल ठेवतात, गरोदरपणी कडक. गोळ्या घेणाऱ्याची उपाशीपोटीची शुगर 128 आली आणि कागदावर ती ठळक छापली, म्हणजे उपचार फसला असे नव्हे.

घरच्या ग्लुकोमीटरवर निदान करत नाहीत. खरा आकडा 200 असताना यंत्राने 170 किंवा 230 दाखवले, तरी ते मान्य फरकातच बसते. आंबा सोललेल्या बोटाचे रक्त घेतले तर आकडा भलताच चढतो, म्हणून हात धुऊन, कोरडे करून मगच सुई टोचावी.

300 च्या वर शुगर, सोबत उलट्या, पोटदुखी आणि धाप असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. उलट 70 च्या खाली आकडा, घाम आणि थरथर, हे इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांत घडते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून देतात आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजतात.