जुनं मशीन, नवं सॉफ्टवेअर आणि एक हरवलेला फेरफार

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेले २,६०० कोटी रुपये. पण गुरुत्वीय लहर बघायला तोवर थांबायचं कारण नाही. अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ला टिपलेल्या पहिल्या लहरीची नोंद फुकट उतरवून घेता येते. ३२ सेकंदांची फाइल, सेकंदाला ४,०९६ आकडे, एकूण १,३१,०७२. एवढ्याला कॉलेजच्या लॅबमधला जुना डबाही पुरतो. अडतं ते ही फाइल वाचणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर बसवताना. ‘जीलिबसी २.२८ सापडली नाही’ अशी ओळ येते आणि लॅबचं निदान ठरलेलं असतं: मशीन म्हातारं झालं, फॉरमॅट मारा.

फॉरमॅट मारून तीच जुनी सिस्टिम टाकली तर तीच ओळ परत येणार. दसऱ्याला संगणकाला झेंडूचा हार जरूर घाला, पण फॉरमॅट हा काही उतारा नव्हे.

लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम फाइल उघडणं, मेमरी मागणं असली कामं स्वतः करत नाहीत, जीलिबसी या लायब्ररीकडून करून घेतात. ही लायब्ररी तलाठ्याच्या फेरफार रजिस्टरसारखी चालते. एखाद्या फंक्शनचं, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, वागणं बदललं की जुनी नोंद खोडत नाहीत, खाली नवी नोंद नव्या क्रमांकानं घालतात. मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेणाऱ्या मेमकॉपी या फंक्शनचंच बघा. ते वेगवान करताना बाइट उचलण्याचा क्रम बदलला. एकमेकांवर चढलेले मेमरीचे तुकडे त्याला देऊ नयेत, असा नियम आधीपासून होता. तो न पाळणारे प्रोग्राम तोवर चालून जात होते, ते आता बिघडले. एका लोकप्रिय प्लगिनचा आवाज खरखरू लागला. मग २०११च्या २.१४ आवृत्तीत मेमकॉपीची वेगळी नोंद झाली. जुना क्रमांक मागणाऱ्या प्रोग्रामला जुनं, सुरक्षित वागणं मिळतं. नव्या मशीनवर कंपाइल झालेला, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालण्याजोगा बनवलेला, प्रोग्राम २.१४चा क्रमांक मागतो. म्हणून जुना प्रोग्राम नव्या सिस्टिमवर चालतो, उलटं मात्र होत नाही: जुन्या रजिस्टरात तो फेरफार चढलेलाच नसतो. २०२१च्या २.३४मध्ये तर प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवा क्रमांक मिळाला. त्यामुळे उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २२.०४वर नेहमीच्या पद्धतीनं कंपाइल केलेला, नुसता ‘नमस्कार’ छापणारा प्रोग्रामसुद्धा २०.०४वर अडतो, कारण तिथं जीलिबसी २.३१ आहे.

यावर दुसऱ्या मशीनमधून जीलिबसीची फाइल आणून चिकटवू नका. प्रोग्राम मेमरीत चढवणारा लोडर आणि लायब्ररी एकाच आवृत्तीचे लागतात. जोडी फुटली की फाइल कॉपी करणारी आज्ञाही मरते, मग दुरुस्तीला लाइव्ह पेनड्राइव्ह शोधत बसा.

आधी मशीनची कुंडली काढा, ही तेवढी खरी निघते. टर्मिनलमध्ये एलडीडी (याच्या उत्तरात जीलिबसीची आवृत्ती कळते), पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिची पॅकेजं बसवणारा पिप यांचं व्हर्जन विचारा. उबुंटू १८.०४वर जीलिबसी २.२७, पायथॉन ३.६ आणि पिप ९.०.१ मिळेल. गोम या पिपमध्येच आहे. तयार पॅकेजांच्या नावात ‘मेनीलिनक्स२०१४’ असा शिक्का असतो, म्हणजे जीलिबसी २.१७ किंवा पुढची चालेल. आपली २.२७ आहे, म्हणजे बसायला हवं. पण हा शिक्का पिप १९.३पासून वाचता येतो. पिप ९ तयार पॅकेज ओलांडून सोर्स कोड उतरवतो, कंपाइल करायला घेतो आणि फोरट्रान कंपाइलर नाही म्हणून लाल अक्षरांत पानभर रडतो. लोक मग कंपाइलर बसवत सुटतात.

तसं करू नका. पायथॉन-३-व्हेन्व्ह हे पॅकेज घालून सिस्टिमच्या पायथॉनपासून वेगळं एन्व्हायर्नमेंट बनवा आणि त्याच्या आत पिप २१.३.१ चढवा, पायथॉन ३.६साठी हीच शेवटची आवृत्ती. सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं, सिस्टिमचा पिप बदलला, तर ‘मेन इम्पोर्ट होत नाही’ असं म्हणत तो जागीच बसतो.

नवा पायथॉनच हवा असेल तर मिनीफोर्ज घ्या. ते पायथॉन, गणिताच्या लायब्रऱ्या, सगळा बाडबिस्तरा सोबत आणतं. जीलिबसी मात्र तुमचीच वापरतं. सिस्टिम ६४ बिटची हवी आणि चार-पाच जीबी जागा मोकळी ठेवा.

सगळी पॅकेजं एकाच आज्ञेत मागा. पिप जुळणी करताना त्या आज्ञेतल्या अटी बघतो; आधी बसवलेल्या पॅकेजाची मोडतोड झाली तर नंतर फक्त इशारा देतो. जून २०२४मध्ये आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीचं २.० आलं आणि १.एक्सवर कंपाइल झालेली अनेक मॉड्यूल्स त्यावर चालेनात. अशा वेळी ‘नमपाय २पेक्षा खालचं’ ही अटही त्याच आज्ञेत घाला. अटींची अशी जुळणी गणितात एनपी-कम्प्लीट वर्गात मोडते. सगळ्या प्रसंगी झटपट उत्तर देणारी रीत कुणाला सापडलेली नाही. म्हणून पिप कधीकधी एकाच पॅकेजाच्या दहा आवृत्त्या उतरवून बघत बसतो. आवृत्तीची मर्यादा दिली की शोध आटोपतो.

लॅबला नेट नसेल तर तीच सिस्टिम आणि तोच पायथॉन असलेल्या एका मशीनवर ‘पिप डाउनलोड’ करून फोल्डर पेनड्राइव्हवर न्या. लॅबमध्ये ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय देऊन त्या फोल्डरमधून बसवा.

एवढं करूनही ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ आलं, तर प्रोसेसरच्या माहितीत एव्हीएक्स (वेगवान आकडेमोडीच्या आज्ञांचा संच) हा शब्द शोधा. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरमध्ये तो सापडणार नाही, आणि मशीन लर्निंगच्या टेन्सरफ्लो या लायब्ररीच्या तयार पॅकेजांना १.६पासून तो लागतोच. तिथं जुनी आवृत्ती घ्या, नाहीतर सोर्सवरून कंपाइल करायला लावून रात्रभर मशीन चालू ठेवा, भारनियमनाचं वेळापत्रक बघून.