जुन्या मोटारींची हिवाळी साठवण (ग्रामीण विदर्भ)

नेहमीच्या वापरात नसलेली जुनी मोटार हिवाळ्याचे काही महिने एका जागी उभी ठेवणे आणि त्या काळात तिचे इंजिन, इंधनव्यवस्था, बॅटरी, चाके व पत्रा शाबूत राहतील अशी निगा राखणे. विदर्भाच्या खेड्यांत ॲम्बॅसडर, फियाट व तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी आणि विलीज बनावटीच्या जीप या संदर्भात विशेष महत्त्वाच्या आहेत.

कोणती मोटार ‘जुनी’ मानावी याबाबत एकवाक्यता नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील जुलै २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेले आणि मूळ रूपात फारसा फेरफार न केलेले खाजगी दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. त्याला ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते आणि नोंदणीची मुदत १० वर्षांची असते. ऐतिहासिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फीव्हा’ मात्र ३० वर्षांची मर्यादा धरतो. साठवणीचा विचार करताना हीच मर्यादा अधिक सोयीची वाटते. कारण कार्बोरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग), ड्रम ब्रेक आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या असलेल्या, पण पन्नाशी न गाठलेल्या अनेक पद्मिनी तिच्यात सामावतात.

हिवाळ्यात मोटार उभी ठेवण्याचा प्रघात मूळचा थंड देशांतील असून त्याची दोन कारणे सांगितली जातात. एक, रेडिएटरमधील पाणी गोठून इंजिनाचा ठोकळा तडकण्याची भीती. दुसरे, बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने पत्रा गंजणे. एथिलीन ग्लायकॉलयुक्त गोठणरोधक द्रव १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आला, तर रस्त्यांवर मीठ टाकणे अमेरिकेत साधारणतः १९४० च्या आगेमागे सुरू होऊन दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाले. हा क्रम पाहता गोठणाचे कारण आधीचे व मिठाचे नंतरचे, असे मानणे सयुक्तिक दिसते.

विदर्भात यांपैकी पहिले कारण लागूच पडत नाही. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, पण त्यानेही रेडिएटरमधले पाणी गोठत नाही. मीठ मात्र वेगळ्या वाटेने येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारट आहे. बोअरच्या अशा पाण्याने धुऊन उभी केलेली गाडी मडगार्डच्या आतल्या कडांना, दारांच्या तळाशी आणि चासीच्या सांध्यांत गंजते. रेडिएटरमध्ये तेच पाणी भरले तर नळ्यांत क्षार साचतात. तेथे धुण्याला साठवलेले पावसाचे वा नळाचे गोडे पाणी आणि रेडिएटरला डिस्टिल्ड वॉटर व कूलंट (वर सांगितलेला गोठणरोधक द्रव) यांना पर्याय नाही. गोठण नसले तरी कूलंट आवश्यक ठरतो, तो त्यातील गंजरोधक घटकांमुळे.

वास्तविक विदर्भातील हिवाळा हा गाडी चालवण्याचा हंगाम. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांधणीतून गाडी निघत नाही. दसऱ्याला तिची पूजा होते आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईत ती बाहेर पडते. तरीही मालक नागपूर-पुण्याला नोकरीत असेल, किंवा शेड कापसाच्या गंजीला लागत असेल, तर नेमकी याच दिवसांत गाडी अडगळीत जाते. कापूस, कुटार (भुसा) वा पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) आणि पेट्रोलची टाकी एका छताखाली ठेवणे धोक्याचे आहे. बॅटरीची तार काढून ठेवल्याने ठिणगीची शक्यता कमी होते, पण जागा वेगळी करणे हाच खरा उपाय.

अधूनमधून इंजिन चालू करावे की नाही, हा सर्वांत वादाचा मुद्दा. दर आठवड्याला पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवावी, असे गावोगावचे मिस्त्री सांगतात. तेल वर चढते आणि सील सुकत नाहीत, हे त्यांचे कारण खरे आहे. परंतु एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापण्याआधी बंद केले तर हे पाणी सायलेन्सरमध्ये आणि काही अंशी तेलात उरते. शिवाय बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनॅमो असलेल्या जुन्या गाड्यांत मंद गतीवर बॅटरी जवळजवळ चार्ज होतच नाही. स्टार्टरने घेतलेली वीजही भरून निघत नाही. त्यामुळे गाडी महिन्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर रस्त्यावर न्यावी, ते जमत नसेल तर मुळीच चालू करू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

टाकी भरावी की रिकामी करावी, हा वाद इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे बदलला. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसल्याने दव धरत नाही, हा जुना नियम शुद्ध पेट्रोलसाठी बरोबर होता. देशभर आता २० टक्के इथेनॉलचे मिश्रण रुजले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी एका मर्यादेपलीकडे वाढले की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि पेट्रोलची नळी तळाजवळूनच निघते. जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदेही त्याने फुगतात किंवा चिरतात. दोन महिन्यांहून अधिक मुक्काम असेल तर टाकी व कार्बोरेटरची वाटी रिकामी करणे श्रेयस्कर.

टिनाच्या शेडमध्ये दिवसा तापलेला पत्रा रात्री गार पडतो आणि पहाटे त्याच्या आतल्या अंगाला दव धरून गाडीवर ठिबकते. प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर टाकल्यास ओल आत कोंडते; सुती चादर घालून ताडपत्री वर अंतर राखून ताणावी. खरीप निघाल्यावर शेतातले उंदीर घराकडे वळतात. एअर फिल्टरच्या डब्यात सरकीसकट कापसाचे बोळे, सीटच्या काथ्यात बीळ आणि वायरिंगवरचे कुरतडलेले कापडी वेष्टण हे नेहमीचे दृश्य. डांबरगोळ्यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो. फिल्टरच्या तोंडाला व सायलेन्सरला बारीक तारेची जाळी बांधणे अधिक भरवशाचे. कुंभारीण माशीची मातीची घरटीही त्याने टळतात.

हँडब्रेक सैल सोडून चाकांना लाकडी उटी (अडसर) लावाव्यात, नाहीतर ब्रेकचे गुटके ड्रमला चिकटतात. शक्य असल्यास गाडी आसाखाली ठोकळे देऊन उचलावी. बॅटरी चार्ज करताना युद्धकाळातील विलीज जीपची मूळ बॅटरी ६ व्होल्टची असते हे ध्यानात ठेवावे.

पुन्हा चालू करताना प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि हँडल मारून इंजिन हाताने फिरवावे. ते मोकळे फिरल्यावर प्लग बसवून स्टार्टर द्यावा. तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. ब्रेक ऑइल ओलावा शोषणारे असल्याने ते दर दोन वर्षांनी बदलावे.