शब्द फुटण्याआधी: मेंदूतून थेट नोंदी घेण्याची पार्श्वभूमी

मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. डोक्याची कातडी दुखते, मेंदूवरचं जाड आवरण दुखतं, पण मेंदूच्या ऊतींमध्ये वेदना टिपणारी यंत्रणाच नसते. म्हणून त्या भागापुरती भूल देऊन कवटी उघडली तरी रुग्ण जागा राहू शकतो, समोरचं चित्र ओळखू शकतो, डॉक्टरांशी बोलू शकतो. बोलणं, भाषा आणि निर्णय यांविषयी थेट मेंदूतून जे काही कळलं, त्याच्या मुळाशी ही साधी शारीरिक गोष्ट आहे. पण निव्वळ कुतूहलापोटी निरोगी माणसाची कवटी कोणी उघडत नाही. ज्यांच्यावर उपचार म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया करावीच लागते, अशा आजारी माणसांनी ‘माझ्याकडून शिका’ म्हणत दिलेल्या वेळेतून ही विद्या उभी राहिली. म्हणूनच तिचा इतिहास तंत्रज्ञानाइतकाच संमतीचाही आहे, असं मला वाटतं.

सुरुवातीला हाती होते ते फक्त मृतांचे मेंदू. 1861 मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा रुग्ण दगावला. त्याला बोललेलं समजायचं, पण त्याच्या तोंडून जवळपास ‘टॅन’ एवढंच बाहेर पडायचं. शवविच्छेदनात पॉल ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, इजा आढळली. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकारचे रुग्ण मांडले: घडाघडा बोलणारे, पण अर्थ हरवलेले. एवढ्यावरून नकाशे निघाले. पण काय मोडलं आहे इतकंच मृत मेंदू सांगतो. चालू असताना तिथे काय घडत होतं, हे त्याच्याकडून कळत नाही.

जिवंत मेंदूकडे जाणारी वाट विजेने उघडली. 1870 मध्ये बर्लिनमध्ये फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य प्रवाह सोडला आणि विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. 1875 मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूतून येणारे क्षीण प्रवाह गॅल्व्हानोमीटरवर पाहिले. म्हणजे मेंदूला वीज देताही येत होती आणि त्याची वीज मोजताही येत होती. पुढचं सगळं संशोधन या दोन पायांवर चाललं.

या दोन तारखांच्या मधली एक घटना वगळून चालणार नाही. 1874 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरांकडे मेरी रॅफर्टी ही स्त्री आली. व्रणामुळे तिच्या कवटीला भोक पडून मेंदू उघडा झाला होता. बार्थोलो यांनी त्यात सुया घालून प्रवाह सोडला. हातपाय हलले, मग प्रवाह वाढवला, तिला झटका आला, आणि काही दिवसांत ती मरण पावली. या प्रयोगातून तिला कसलाच उपचार मिळणार नव्हता. वैद्यकीय जगातून कडाडून टीका झाली आणि बार्थोलो यांना जाहीर खेद व्यक्त करावा लागला. मानवी मेंदूला थेट वीज दिल्याची ही पहिली नोंद मानतात, आणि ती अशी आहे. उपचारासाठी शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णात आज इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारी किंवा देणारी बारीक तार वा चकती, कुठे बसवायचा हे केवळ उपचाराच्या गरजेनुसार ठरतं. त्या नियमाचं महत्त्व मला मेरीच्या हकिकतीतूनच नीट कळलं.

1924 मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या लहरी नोंदवल्या आणि 1929 मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. तोच आजचा ईईजी. तो सुरक्षित असतो, पण कवटीआडून येताना संकेत पुसट होतात, जसं भिंतीपलीकडचं बोलणं नुसती गुणगुण म्हणून ऐकू यावं. भाषेचा वेग मिलिसेकंदांचा आणि तिची ठिकाणं काही मिलिमीटरची. त्यामुळे भिंतीच्या आत जावंच लागलं.

ते काम सर्वात मोठ्या प्रमाणावर झालं मॉन्ट्रियलमध्ये. तिथली चेताविज्ञान संस्था मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1934 मध्ये उभी केली. अपस्माराचे झटके जिथून सुरू होतात तो भाग काढताना रुग्णाची वाचा जाऊ नये, म्हणून ते रुग्णाला जागं ठेवत आणि मेंदूवर जागोजागी सौम्य प्रवाह देऊन पाहत. काही परिणाम दिसला की त्या जागी अंक लिहिलेली इवलीशी चिठ्ठी ठेवत. त्यांचे सहकारी हर्बर्ट जॅस्पर मेंदूच्या पृष्ठभागावरच्या लहरी नोंदवत.

या शस्त्रक्रियांमधला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. रुग्णाला फुलपाखराचं चित्र दाखवलं आणि नेमका तेव्हाच भाषेच्या जागी प्रवाह दिला. तो गप्प. वैतागून त्याने चुटक्या वाजवल्या. प्रवाह काढल्यावर त्याने सांगितलं की ‘फुलपाखरू’ शब्द सापडेना, म्हणून ‘पतंग’ (फुलपाखरासारखा कीटक) हा शब्द आठवून पाहिला, तोही सापडला नाही. म्हणजे चित्र कळलं होतं, अर्थ जागेवर होता, जवळचा दुसरा शब्द शोधण्याची युक्तीही शाबूत होती. फक्त अर्थापासून शब्दापर्यंतची वाट बंद झाली होती. आपल्याला एकसंध वाटणारं ‘बोलणं’ निरनिराळ्या टप्प्यांचं बनलेलं आहे, हे त्या चुटक्यांनी दाखवून दिलं.

पेनफिल्ड यांच्या हजारो चाचण्यांतून आणखी एक गोष्ट पुढे आली, जिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. विजेने बोलणं थांबवता येत होतं, घशातून स्वर काढायला लावता येत होता, पण एकही अर्थपूर्ण शब्द बोलवून घेता आला नाही. हात हलवता येत होता, पण रुग्ण म्हणत, हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. प्रवाह देऊन कोणाला निर्णय घ्यायला लावता येईल अशी जागा त्यांना सापडली नाही. भाषा आणि निर्णय हे पुढच्या संशोधनातले दोन्ही मोठे प्रश्न तिथेच उभे होते.

सिअॅटलमध्ये जॉर्ज ओजेमन यांनी हीच पद्धत काटेकोर केली. 117 रुग्णांच्या त्यांच्या 1989 च्या अभ्यासात भाषेसाठी अत्यावश्यक जागा लहानशा, बहुधा एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या निघाल्या आणि माणसागणिक वेगळ्या ठिकाणी आढळल्या. त्याआधी 1978 मध्ये त्यांनी आणि व्हिटेकर यांनी दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत अशी ठिकाणं दाखवली होती, जिथे प्रवाह दिल्यावर एक भाषा अडखळते पण दुसरी चालू राहते. पाठ्यपुस्तकातल्या ब्रोका-वेर्निके नकाशाला हा मोठाच धक्का होता.

दरम्यान काम शस्त्रक्रियागृहातून वॉर्डातल्या खाटेवर आलं. पॅरिसमध्ये तालेराक आणि बांको यांनी बारीक इलेक्ट्रोड मेंदूत खोलवर बसवून, रुग्णाला खाटेवर ठेवून नोंदी घेण्याची पद्धत घडवली. आजही अपस्माराचे काही रुग्ण असे इलेक्ट्रोड घेऊन आठवडा-दोन आठवडे झटक्याची वाट पाहत पडून असतात. त्या रिकाम्या तासांत ज्यांची तयारी असेल ते संशोधकांसाठी गोष्टी ऐकतात, वाक्यं वाचतात, पैजेचे खेळ खेळतात.

या नोंदींत पाहायचं काय, याचं उत्तर 1998 च्या सुमाराला जॉन्स हॉपकिन्समधल्या नेथन क्रोन यांच्या कामातून मिळालं. साधारण सेकंदाला 70 ते 150 आवर्तनांच्या वेगवान पट्ट्यातली शक्ती, जिला हाय गॅमा म्हणतात, त्या-त्या जागच्या चेतापेशींच्या हालचालीबरोबर वाढते. आता अभ्यासासाठी दर वेळी वीज देऊन काही बंद पाडायलाच हवं असं उरलं नाही. बोलणं चालू असतानाच त्याचा माग काढता येऊ लागला.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एडवर्ड चँग यांच्या गटाने याचं सोनं केलं. 2013 मध्ये त्यांनी दाखवलं की बोलताना मेंदूच्या चालक, म्हणजे हालचाली घडवणाऱ्या, भागातले नमुने मुख्यतः उच्चाराच्या अवयवानुसार गटात बसतात: ओठांचे एका बाजूला, जिभेच्या टोकाचे दुसऱ्या, जिभेच्या मागच्या भागाचे तिसऱ्या. 2014 मध्ये कानशिलाकडच्या श्रवणभागात उलट चित्र दिसलं. ऐकताना प, त, क असे स्पर्शवर्ण एका गटात येतात, स-श सारखे घर्षणाचे वर्ण दुसऱ्या, अनुनासिक तिसऱ्या. आपली वर्णमाला ‘स्थान’ (उच्चार तोंडात कुठे होतो) आणि ‘प्रयत्न’ (तो कसा होतो) या दोन कसोट्यांवर रचलेली आहे, हे शाळेत शिकलेल्या कोणालाही यात ओळखीचं काही दिसेल. बोलणारा मेंदू प्रामुख्याने स्थान पाहतो, ऐकणारा प्रामुख्याने प्रयत्न. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ क-ख-ग पुटपुटत बसलो होतो.

ब्रोकाच्या भागाचंही पुनर्वाचन झालं. 2015 च्या अभ्यासात फ्लिंकर आणि सहकाऱ्यांना आढळलं की शब्द उच्चारण्याआधी हा भाग सक्रिय असतो, पण प्रत्यक्ष उच्चाराच्या वेळी शांत होतो. म्हणजे तो बोलण्याची जुळवाजुळव करतो, जीभ हलवण्याचं काम दुसऱ्यांचं.

निर्णयाचा शोध समांतर चालला होता. 1965 मध्ये कॉर्नह्युबर आणि डीके यांनी डोक्यावरूनच दाखवलं की स्वेच्छेने हालचाल करण्याआधी मेंदूच्या विद्युत संकेतात एक संथ चढ दिसतो. 1983 मध्ये बेंजामिन लिबेट यांनी त्यात ‘इच्छा केव्हा झाली’ हा प्रश्न मिसळला. चढ हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू होत होता आणि इच्छेची जाणीव जेमतेम 200 मिलिसेकंद आधी नोंदवली जात होती. 2011 मध्ये इट्झाक फ्राइड आणि सहकाऱ्यांनी 12 रुग्णांच्या 1,019 चेतापेशींच्या नोंदी घेऊन हेच आतून पाहिलं. हालचालीच्या तयारीशी जोडलेल्या पूरक चालक भागातल्या 256 पेशींवरून, रुग्णाला इच्छेची जाणीव होण्याच्या 700 मिलिसेकंद आधीच, तो हालचाल करणार हे 80 टक्क्यांहून अधिक वेळा ओळखता आलं.

यावरून ‘इच्छास्वातंत्र्य खोटं’ असे मथळे झाले. मला ती घाई वाटते. 2012 मध्ये एरन शर्गर यांनी दुसरं स्पष्टीकरण दिलं: मेंदूतली पार्श्वभूमीची चढउतार साठत जाते आणि उंबरठा ओलांडला की हालचाल होते. तसं असेल तर मागे वळून पाहताना दिसणारा चढ म्हणजे आधीच झालेला निर्णय नव्हे. माकडांवरच्या न्यूसम आणि शॅडलन यांच्या प्रयोगांतही चेतापेशी पुरावा थोडाथोडा साठवत निर्णयाकडे जाताना दिसल्या होत्या. शिवाय मनात येईल तेव्हा बटण दाबणं हा फार किरकोळ निर्णय. त्यापेक्षा 2016 चा किशिदा आणि माँटेग यांचा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. पार्किन्सन्सच्या शस्त्रक्रियेदरम्यान रुग्ण पैजेचा खेळ खेळत असताना त्यांनी डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची पातळी क्षणाक्षणाला मोजली. तिच्यात केवळ जे मिळालं त्याची नव्हे, जे मिळू शकलं असतं त्याचीही छाया होती. हळहळ ही रसायनातही दिसते.

गेल्या काही वर्षांत या विद्येने घेतलेलं परत द्यायला सुरुवात केली आहे. 2021 मध्ये पक्षाघाताने वाचा गेलेल्या एका माणसाचे शब्द 128 इलेक्ट्रोडच्या पट्टीवरून ओळखले गेले. शब्दसंग्रह 50 शब्दांचा, वेग मिनिटाला 15 शब्दांच्या आसपास. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मिनिटाला 62, तर चँग यांच्या गटाने 78 शब्दांपर्यंत मजल मारली. 2024 मध्ये डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने एएलएस, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाण्याचा आजार, झालेल्या रुग्णाचं बोलणं 97 टक्के अचूक ओळखलं आणि आजारापूर्वीच्या त्याच्या आवाजासारख्या आवाजात ऐकवलं. बोलू पाहिलेले शब्द पडद्यावर बरोबर उमटले तेव्हा तो रडला होता.

या सगळ्या प्रयोगांत रुग्ण बोलण्याचा प्रयत्न करत होते. 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पुढचा प्रश्न घेतला: नुसतं मनातल्या मनात बोललेलं कळतं का? काही प्रमाणात कळतं, असं उत्तर आलं. मग त्यांनी एक कुलूप बसवलं. वापरणाऱ्याने ठरावीक परवलीचे शब्द मनात म्हटल्याशिवाय यंत्र त्याचं मनातलं बोलणं उलगडायला घेत नाही. परवलीचे शब्द 98 टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखले गेले.